अकरावं वजन

मी चाळीस वर्षं पत्र्याच्या शेड बांधल्या. हडपसरला कारखान्यांच्या, मंडईजवळ दुकानांच्या. वादळात माझा एकही पत्रा उडाला नाही. फक्त आमच्या शनिवार पेठेतल्या खोलीच्या पत्र्याला हुक नव्हते.

माझी बायको नसीम दर मे महिन्यात सांगायची, "हुक मारून घ्या. वारा सुटला की पत्रा उचलतो. एक दिवस उडून खालच्यांच्या अंगावर जाईल."

मी म्हणायचो, "उद्या मारतो."

मग ती शिडी लावून वर जायची आणि पत्र्यावर एक वजन ठेवून यायची. खाली उतरून म्हणायची, "ठेवला तुमचा उद्या." पहिल्या वर्षी वीट होती. मग टायर, चिरलेला पाटा, शिलाई मशीनचं चाक, मंडईतल्या बंद दुकानातलं पाच किलोचं माप. अशी अकरा वर्षं गेली. गिऱ्हाइकांना मी बजावायचो, पत्र्यावर दगड ठेवू नका, एक उडायचा तिथं दोन उडतील. घरी मात्र माझंच छप्पर भंगारवाल्याच्या गाड्यासारखं दिसायचं.

नसीम जानेवारीत गेली.

मे महिन्यात एका दुपारी वारा सुटला आणि पहिल्या वर्षीची वीट घसरून खालच्या चौकात पडली. तिथं तळमजल्यावरचे गोपाळकृष्णराव रोज खुर्ची टाकून पेपर वाचतात. ते चष्मा आणायला आत गेले होते. खुर्चीचा एक पाय मोडला.

दुसऱ्या दिवशी मी वरून पाहिलं, तर ते दुसऱ्या खुर्चीत, त्याच जागी, डोक्यात हेल्मेट घालून पेपर वाचत होते.

"अहो, आत बसा ना," मी म्हणालो.

"का? चौक माझा आहे. वीट तुमची आहे. आत तिनं बसावं."

"हुक मारायला वजनं काढावी लागतील."

"मग काढा. मी धरून ठेवलीयेत का?"

शेवटी खरं तेच बोललो. "नसीमनं ठेवलीयेत."

त्यांनी हेल्मेटची काच वर केली. "मुनव्वरभाई, वहिनींनी ती पत्रा उडू नये म्हणून ठेवली. माझं डोकं फुटावं म्हणून नव्हे. निदान माझी तशी समजूत आहे."

मी आत गेलो. मला ते पटलं होतं, पण मन होईना. तिच्या साड्या मुलगी घेऊन गेली होती. तिनं स्वतःच्या हातानं ठेवलेलं आणि अजून तिथंच असलेलं, असं फक्त पत्र्यावरचं उरलं होतं. हवामान खात्यानं शनिवारी वादळाचा इशारा दिला होता. तरी मी दोन दिवस "उद्या" म्हणत काढले.

गुरुवारी गोपाळकृष्णरावांच्या बायको, शैलावहिनी, जिना चढून आल्या.

"भाऊ, अकरा वर्षांत एकही वजन पडलं नाही. आत्ताच कसं पडलं, विचार केलात?"

"वारा जोरात होता."

"वारा दरवर्षीच असतो. पत्रा थरथरतो आणि वजनं कडेला सरकतात. शुक्रवारी तुम्ही नमाजाला गेलात की नसीम शिडी लावायची आणि सगळी परत मधे ढकलायची. दर शुक्रवारी. शिडी मी धरायचे."

"मला कधी बोलली नाही."

"बोलली असती तर तुम्ही म्हणाला असतात, 'उद्या मी ढकलतो.'"

मी हसलो. बऱ्याच दिवसांनी. मी समजत होतो की वजनं तिनं ठेवल्या जागी आहेत. ती जागेवर राहिलीच नव्हती. तीच त्यांना जागेवर ठेवत होती.

शुक्रवारी नमाजाहून आलो आणि वर चढलो. शैलावहिनींनी शिडी धरली. खाली गोपाळकृष्णराव हेल्मेट घालून देखरेख करत होते. एकेक वजन दोरीनं खाली सोडलं. शेवटचं, गेल्या वर्षीचं, पोत्यात बांधलेलं होतं. मला वाटलं वाळू असेल. वरच गाठ सोडून पाहिली तर आत चाळीस हुक, नट आणि डांबरी वॉशर. तिनं माझ्यासाठी हुक विकत आणले होते, मी उद्या म्हणालो, आणि तिनं त्यांचंच वजन करून ठेवलं.

"काय निघालं?" खालून आवाज आला.

"हुक."

"उत्तम. म्हणजे सामान अगदी कामाच्या जागी होतं. फक्त कारागीर तेवढा खाली."

पावसानं बहुतेक गंजले होते. मधले सहा चांगले निघाले. बाकीचे नवे आणले. पत्र्याच्या नाळ्यांच्या उंचवट्यावर भोकं पाडली, हुक खालच्या लोखंडी अँगलमध्ये अडकवले, वॉशर घालून नट आवळले. तिचे सहा मी चौकाच्या बाजूला लावले, गोपाळकृष्णरावांच्या बरोबर वर.

शनिवारी वादळ आलं. कुणाच्या तरी टाकीचं झाकण गल्लीतून उडत गेलं, एक फ्लेक्स तारांवर अडकला. आमचा पत्रा वाजलासुद्धा नाही.

वारा थांबल्यावर शैलावहिनी चहा घेऊन आल्या. खोलीत भिंतीशी ओळीनं मांडलेली वजनं पाहून म्हणाल्या, "बरं केलंत. आता खोली तरी उडायची नाही."

गोपाळकृष्णराव अजून हेल्मेट घालूनच बसतात. म्हणतात, कारागिराची ख्याती ऐकून आहे.

दर शुक्रवारी नमाजाहून आलो की मी ती वजनं भिंतीकडे ढकलतो. ती सरकलेली नसतात. तरी ढकलतो.