घरावरून घेतलेला वळसा

मी हाल्वारच्या छपरावरचा अँटेना बोलतोय. जे सांगणार आहे ते तसंच घडलं का, याची मला खात्री नाही. माझ्या जोडात पाणी शिरलं ते त्या दुपारच्या आधी की नंतर, हेच मला नीट आठवत नाही, आणि सगळं तर त्यावरच अडून होतं.

माझा जन्म नॉर्वेत, फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याच्या, काठच्या एका लाकडी शेडमध्ये झाला. हाल्वार शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला. तांब्याच्या तारेचे तुकडे त्याने मोजले, कापले, पुन्हा मोजले, आणि मला पांढऱ्या नळीत घालून छपरावर उभं केलं. माझं काम सोपं. प्रत्येक विमान 'मी इथे आहे, इतक्या उंचीवर आहे' असं सारखं पुकारत असतं. ते ऐकायचं आणि खाली तळघरातल्या संगणकाला कळवायचं. मग पडद्यावर विमानाच्या वाटेची रेघ उमटते. असा नाद असलेले लोक जगभर पुष्कळ आहेत. पण आमच्या दोन्ही अंगांना डोंगर. इथे खालून उडणारं विमान माझ्याखेरीज कुणालाच ऐकू येत नसे.

म्हातारपणी हा नाद का, ते त्याची बायको गुड्नी अंगणात शेजारणीला सांगत होती तेव्हा कळलं. मुलगा आयविंद विद्यापीठ अर्ध्यावर सोडून वैमानिक झाला. नकाशांसाठी जमिनीचे फोटो काढणारं छोटं विमान चालवायचा. हाल्वार त्याला म्हणाला, "नकाशे वाचायला शिकवलं, तर तू फोटोवाल्यांचा गाडीवान झालास!" पोरगा म्हणाला, "यापुढे मला शोधायचं तर आकाशात शोध, बाबा." आणि गेला.

"आणि आमचे मास्तर खरंच शोधत बसलेत," गुड्नी म्हणाली. "घरात फोन आहे. पण ते फार सोपं पडेल ना!"

आयविंदचं विमान मी टिपलं की तळघरातून हाक यायची, "गुड्नी, तो हार्डांगरच्या पठारावर आहे!"

"जेवलाय का, विचार त्याला," स्वयंपाकघरातून उत्तर जायचं.

ती दुपार जूनमधली. गुड्नी गाण्याच्या तालमीला गेली होती. आयविंदचं विमान डोंगरापलीकडे नांगरटीसारखं सरळ जात-येत होतं. मधेच ते ती सरळ वाट सोडून फ्योर्डमध्ये शिरलं. खाली, आणखी खाली. उत्तरेकडून ऐकू आलं, मग पूर्वेकडून, मग दक्षिणेकडून, पश्चिमेकडून. पडद्यावर एक पुरा वळसा उमटला आणि त्याच्या मधोमध आमचं घर.

गुड्नी परतली तेव्हा हाल्वारने दारातच तिला वळशाचं सांगितलं.

"मग? बाहेर येऊन हात केलास ना?" तिने विचारलं.

"बाहेर? मी पडद्याकडे बघत होतो."

"अरे माणसा! पोरगा डोक्यावर फिरतोय आणि तू तळघरात त्याची रेघ बघत बसलास! आता तरी फोन कर."

त्याने फोन उचलला आणि ठेवला. "तो आलाच नसेल तर? अँटेना मी घरी बनवलाय. त्याचं काय खरं!" त्याने इतर नादिष्टांना विचारलं, कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. आठवड्याने तो शिडीवर चढला, माझा जोड उघडला. आत पाण्याचा थेंब.

"बघ, पाणी. वळसा खोटा."

"पाणी तुझ्या डोक्यात शिरलंय," शिडी धरून गुड्नी म्हणाली.

फोन झाला नाही.

माझाही गोंधळ उडाला. मला डोळे नाहीत. इंजिनाची घरघर ऐकल्यासारखी वाटते, पण ती त्या दिवशीची की मागाहून मनात भरलेली? पाऊस त्या आठवड्यात पडला होता, पण कोणत्या दिवशी? म्हाताऱ्याला जे हवं होतं तेच मी रेखाटलं की काय? तेव्हापासून रोजच्या विमानांविषयीही मी साशंक झालो.

पुढे माझी नळी तडकली. हाल्वारने दुकानातला अँटेना लावला आणि मला शेडमध्ये खिळ्याला अडकवलं. टाकून मात्र दिलं नाही. त्या नव्याला फ्योर्डमध्ये आयविंद कधी ऐकू आला नाही.

माणसांना एकच विनवणी आहे. वर काही घोंघावलं तर आधी दार उघडा. आमच्यासारख्यांना नंतर विचारा.

गुड्नीच्या सत्तरीला आयविंद आला. तिनेच बोलावलं होतं. बापलेक लाकडं घ्यायला शेडमध्ये आले. मग आयविंदने मला बोट लावलं. "हा काढलास?"

"खोटं बोलायचा. एकदा तुला घराभोवती फिरवलं होतं याने."

आयविंदच्या हातातली लाकडं खाली गेली. "फिरलो होतो, बाबा. कॅमेरा चालू होता. तू बाहेर आला नाहीस. म्हटलं, राग गेला नाही अजून."

त्याने खिशातून फोन काढून फोटो दाखवला. हाल्वारने चष्मा पुसून तो पुन्हा पुन्हा पाहिला आणि दिसेल ते मोठ्याने सांगत गेला. खाली आमचं घर होतं. दोरीवर चादरी वाळत होत्या. दार बंद, अंगणात कुणी नाही. आणि छपरावर एक बारीक, सरळ सावली. माझी.