दोन शेपट्यांची युद्धनौका

मी युद्धनौकेवर होतो म्हटलं की लोक खुर्ची पुढे ओढतात. कपडे धुऊन इस्त्री करायला होतो म्हटलं की त्यांना घरची कामं आठवतात. म्हणून दुसरं वाक्य मी जरा उशिरा सांगतो. पण ते काम काही सोपं नव्हतं, बरं का. आमच्या धुलाईच्या खोलीत उकाडा असा, की इस्त्रीला वीज लागायचीच नाही; टेबलावर नुसती ठेवली की तापायची. आणि डेकवर वारा असा, की वाळत घातलेला पायजमा उडायचा तो थेट शेजारच्या जहाजावरच्या खलाशाच्या पायांत, नाडी बांधून. खोटं वाटत असेल तर त्या खलाशाला विचारा.

पुढे ती नौका मोडीत निघाली. मी म्हटलं, निघू दे, आपण दुसरी बांधू. जेवणाच्या टेबलावर मावेल एवढी.

दुकानात अशा नौकांचे तयार भाग खोक्यात मिळतात. ते चोचले दातांच्या डॉक्टरांना परवडतात. मी बुटांच्या खोक्यांचा पुठ्ठा कापला. तोफांना संपलेल्या पेनांच्या रिफिली, कठड्याला टाचण्या, डोलकाठीला बायकोची विणायची सुई. समुद्र मात्र अस्सल हवा होता. फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल खरवडून लाटा काढल्या. पांढऱ्या गोंदात पाणी घालून त्यात टिश्यू पेपर भिजवला आणि चुरगळून वर बसवला. सुरकुत्यांचं पाणी झालं. निळ्यात हिरवा, त्यात किंचित काळा. फेसाला कापूस पिंजून लावला. ओली चकाकी यावी म्हणून बिनरंगी नेलपॉलिश.

"अहो, सुई गेली, नेलपॉलिश गेलं," बायको म्हणाली. "आता मला कुठे चिकटवताय?"

"तू कप्तान आहेस. तुझी जागा ठरलेलीच."

"मग कप्तानाचा हुकूम ऐका. मांडीवर ताट घेऊन जेवून जेवून माझे गुडघे भाजले. त्या काचेच्या कपाटात जागा मिळाली तर ठीक. नाहीतर नौका आणि समुद्र, दोन्ही भंगारात."

ती बोलते ते करते. माझे अर्धे मित्र घरी यायचे बंद झालेत, ते काय उगाच?

काचेचं कपाट आमच्या छंद मंडळाच्या सभागृहात आहे. प्रदर्शनात पहिला येणारा नमुना त्यात वर्षभर राहतो. आजवर तिथे मंडळातल्या त्या दातांच्या डॉक्टरांच्याच जहाजांनी नांगर टाकलेला. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त कप्तान. खरेखुरे कप्तान, झोपेतही ताठ असतील.

प्रदर्शनाच्या दिवशी ते माझ्या नौकेपुढे थांबले. वाकले. "वा! पाणी झकास जमलंय." मी मिशीला पीळ द्यायला हात वर नेला, तेवढ्यात ते म्हणाले, "इस्त्रीवाले, जहाज चाललंय कुठे?"

"पुढे."

"मग नाकापुढेही मागचाच फेस कसा? पुढचं पाणी फाटून दोन्ही बाजूंना फाकतं. तुम्ही तर दोन्हीकडे शेपटी लावलीय!"

डॉक्टर हसले. बत्तीसच्या बत्तीस दाखवले. धंद्याची जाहिरातच ती.

झालं होतं असं, की धुलाईची खोली जहाजाच्या पार मागच्या टोकाला होती, आणि तिला एकच गोल खिडकी. मी उभा जन्म मागे पडत जाणारा फेसच पाहिला. पुढे निराळं काही चालतं, हे डोक्यातच आलं नाही. पण भर सभागृहात हे मान्य करायला मी काय वेडा होतो?

"त्या दिवशी दोन्ही बाजूंनी दोन वादळं आली होती," मी म्हटलं. "आम्ही दोघांनाही पाठ दाखवली."

"युद्धनौका पाठ दाखवत नाही," कप्तान म्हणाले. मग जरा मवाळ झाले. "हे बघा, निकाल संध्याकाळी आहे. तेवढं पुढचं पाणी सुधारा, कपाट तुमचंच समजा."

"मीच करून देतो ना, काका," डॉक्टर म्हणाले. "माझ्याकडे फोटो आहेत. किरकोळ काम आहे."

बायकोने मला कोपराने ढोसलं. "करू द्या की. कापूसच तर आहे."

"कापूस आपला आहे. पण समुद्र त्यांचा होईल. परक्याने पाहिलेलं पाणी माझ्या जहाजाला? जमायचं नाही."

मी पिशवीतून करवत काढली. बायकोने डोळे मिटले. नौकेच्या बरोबर मधोमध, धुरांड्याच्या पुढे, मी करवत चालवली. पुठ्ठा, थर्माकोल, समुद्र, सगळं आरपार. थर्माकोल असा किंचाळला, की डॉक्टरांनी स्वतःचाच गाल धरला. पुढचा अर्धा मी बायकोच्या हातात दिला. "हा घे तुझ्या भंगारवाल्याला." मागचा अर्धा उचलून कपाटात ठेवला, कापलेली कड कपाटाच्या बाजूच्या लाकडी भिंतीला घट्ट टेकवून. नौका भिंतीतून आरपार निघून चालली होती. मागे उरला होता तो लांबलचक फेस, आणि तो एकदम बरोबर होता.

"काढा ते," कप्तान म्हणाले. "नमुना पूर्ण हवा, असा नियम आहे."

"पूर्णच आहे. बाकीचा पुढे गेलाय."

"कुठे?"

"भिंतीपलीकडे. मला कसा दिसणार? मी मागे इस्त्री करतोय."

आणि मी कपाटापुढे जमिनीवर फतकल मारली. "काढायचं तर मला उचला आधी."

कुणी पुढे झालं नाही. तेवढ्यात अर्धं जहाज कडेवर घेऊन बायको माझ्या शेजारी येऊन बसली. "आणि मग मला," ती म्हणाली. "माझे गुडघे दुखतात, जपून उचला."

कप्तान लाल झाले, मग पांढरे. मग त्यांनी पाठीमागे हात बांधले, कपाटाला वळसा घातला, आणि त्या भिंतीच्या पलीकडे डोकावून पाहिलं.

"दिसलं?" मी विचारलं.

त्यांनी घसा खाकरला. परत आले, माझ्या डोक्यावरून हात घालून कपाटाचं दार लावलं, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. पलीकडे आता डॉक्टर डोकावत होते.