माझ्या सोंडेवर पाय ठेवा

हो, मीच बोलतोय. कपाळावरचा शेंदूर पाहून हात जोडायची घाई करू नका. आधी जरा खाली वाका आणि माझी सोंड पाहा. मी देव नाही. राजापेठेच्या मागच्या एका कॉलनीतल्या बागेतला मी सिमेंटचा हत्ती आहे, आणि ही सोंड म्हणजे घसरगुंडी आहे. हे मी कोणालाही तोंडावर सांगेन. कोणी ऐकत नाही, ती गोष्ट वेगळी.

मला घडवलं देवानंद मिस्त्रीनं, एकोणनव्वद सालच्या उन्हाळ्यात. आधी सळयांचा सांगाडा, त्यावर जाळी, त्यावर सिमेंट. बिचाऱ्यानं जवळून हत्ती कधी पाहिलाच नव्हता. एका किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर होता, तोही समोरून. म्हणून समोरून मी हत्ती आहे. मागून मात्र जे जनावर त्यानं जन्मभर पाहिलं होतं तेच त्याच्या हातून उतरलं. शेपटीकडून मी चक्क म्हैस आहे. आजवर एकाही पोरानं त्याबद्दल तक्रार केलेली नाही.

शेपटीजवळ सहा पायऱ्या, पाठीवर बसायला जागा, आणि तिथून डोक्यावरून सोंड थेट वाळूत. सुळे त्यानं मुद्दामच काढले नाहीत. "पोट्ट्याईच्या डोयात जाईन," म्हणाला. चौदा दिवस मला ओल्या पोत्यांखाली ठेवलं, दिवसातून तीनदा पाणी मारलं. पंधराव्या दिवशी आपल्या लेकीला, चंदाला, पाठीवर बसवलं आणि खाली उभा राहून ओरडला, "सोड हात!"

चंदानं हात सोडला. माझा जन्म मी त्या क्षणापासून धरतो.

या शहरात लेकरांना न्यायच्या जागा आता पुष्कळ झाल्या. मॉलमध्ये गोल फिरणारी आगगाडी आहे, मैदानावर फुगवलेला महाल येतो, त्यात पोरं उड्या मारतात. मी कोणाची निंदा करत नाही. पण त्या साऱ्या ठिकाणी कोणीतरी शिट्टी वाजवतं आणि पोराची पाळी संपते. माझ्याकडे शिट्टी नव्हती. नांदगाव खंडेश्वरहून कोणी दवाखान्यात आलं, कोणी लग्नाचा बस्ता बांधायला आलं, की कंटाळलेलं लेकरू तासभर माझ्या पाठीवर आणून सोडत. कलेक्टरचं असो की भाजीवालीचं, पोरगं घसरताना एकाच सुरात ओरडतं.

मोठ्या माणसांच्या सवयी मात्र मला कळल्या नाहीत. पोरगं वर चढलं की "पडशील!" आणि खाली उतरलं की "एकदा अजून, फोटो काढतो!" आणि घरी जायच्या वेळेला तर सगळ्या आयांचं एकच खोटं: "चला, हत्ती झोपला आता." अहो, मी कधी झोपलो? पस्तीस वर्षांत पापणी मिटलेली नाही. देवानंदनं मला पापण्याच दिल्या नाहीत.

बागेच्या फाटकाशी चतुराबाई फुलं विकायला बसते. नांदगाव खंडेश्वरच्या मळ्यातला झेंडू आणि शेवंती घेऊन रोज पहिल्या एस.टी.नं येते. तिची तिन्ही लेकरं माझ्यापाशीच मोठी झाली. ती तिकडे हार ओवायची आणि एक डोळा इकडे ठेवायची. तिला पाळणाघर माहीत नव्हतं. मी होतो.

मग एका वर्षी बागेची समिती बसली. अध्यक्ष खुशालराव, निवृत्त मास्तर, आवाज खणखणीत, स्वभाव कडक पण मनानं वाईट नाही. त्यांनी ठरवलं की हत्ती जुना झाला, तो काढायचा आणि तिथे रंगीत प्लास्टिकचा किड्स झोन करायचा. तिकीट लावून.

"उद्या कोणाचं पोरगं पडलं-झडलं तं जबाबदारी कोणाची?" ते म्हणाले.

"पस्तीस वर्सात कोणाचं पडलं जी?" चतुराबाईनं फाटकातून विचारलं.

"तू फुलं इक, बाई."

सोमवारी सकाळी मला तोडायला मशीन आलं. पण चतुराबाई त्याच्या आधीच, पहिल्या एस.टी.नं आली होती. तिनं माझ्या कपाळावर ओंजळभर शेंदूर थापला, गळ्यात झेंडूचा हार घातला, पुढे उदबत्ती लावली आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं जाऊन आपल्या टोपलीशी बसली. मशीनवाला खाली उतरला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, चप्पल काढली, हात जोडले.

"मी नाई हात लावत," तो खुशालरावांना म्हणाला. "मले लेकरंबाळं हायेत."

मी वाचलो. त्या दिवशी पोरं माझ्या पाठीवरून संध्याकाळपर्यंत उतरली नाहीत, आणि चतुराबाई गालातल्या गालात हसत होती. तिला वाटलं, काम झालं, आता पुसून टाकू. पण शेंदूर लावणं एका हाताचं काम असतं. पुसायला कोणाचा हात धजत नाही.

पुढच्या चतुर्थीला दोन बाया आल्या. त्याच्या पुढच्या चतुर्थीला वीस. मग डोक्यावर टिनाचं छत आलं, भोवती लोखंडी कठडा आला, कठड्याला कुलूप आलं. सोंडेलाही शेंदूर लागला, वर लाल वस्त्र चढलं. आणि मला तोडायला निघालेले खुशालरावच सकाळ-संध्याकाळ माझी आरती म्हणू लागले. ढोंग नव्हतं हो. त्यांना मनापासून वाटायला लागलं होतं. त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात पाटी लिहिली: 'चपला बाहेर काढाव्या. लहान मुलांना आवरावे.'

लहान मुलांना आवरावे! माझ्यासमोर!

मी गणपती नाही हो. गणपतीला चार हात असतात, मला चार पाय आहेत. प्रदक्षिणा घालणाऱ्या बायांना मागे गेल्यावर सरळ म्हैस दिसते, तरी एकही थांबत नाही. नारळ माझ्या पायाच्या अंगठ्यावर फोडतात, नखाचा टवका उडाला. गुळाच्या मुंग्यांनी कानात घर केलं. हे सगळं मी सोसलं असतं. पण पोरं कठड्याबाहेर हात जोडून उभी राहू लागली, तेव्हा मला वाटलं, त्या सोमवारी तुटलो असतो तर बरं झालं असतं. तुटलेला हत्ती निदान कोणाला आठवतो तरी. पुजलेल्या हत्तीची घसरगुंडी दोन वर्षांत विसरली जाते.

कॉलनीत शकुन नावाची सून आहे. सोळा सोमवार, हरतालिका, संकष्टी, एकही व्रत तिनं चुकवलेलं नाही. बोलायला इतकी मऊ की भाजीवाल्याशी भाव करतानाही तिलाच वाईट वाटतं. तिची करिश्मा चार वर्षांची. बापाच्या गाडीवरून पडली आणि पाय मोडला. प्लास्टर निघालं, डॉक्टर म्हणाले हाड छान जुळलंय, चालू द्या. पण पोरीनं जी भीती घेतली ती घेतलीच. पाय जमिनीला लागला की किंचाळायची. महिना गेला, दोन गेले. शकुन तिला कडेवर घेऊन माझ्यापुढे उभी राहायची.

"बाप्पा, माह्या पोरीले पाय टाकू दे. एकवीस वाहीन तुले."

एकवीस लाडू, असं ती म्हणणार होती. पण करिश्मानं तिच्या खांद्यात तोंड खुपसलं आणि वाक्य अर्धंच राहिलं. मी ऐकत होतो. मनात म्हणत होतो, बाई, मी सिमेंट आहे, माझ्याजवळ एक सोंड सोडून काहीच नाही.

मग एका चतुर्थीला माझं वस्त्र धुवायला नेलं होतं. शकुन नेहमीसारखी डोळे मिटून उभी. करिश्मानं कडेवरून माझ्याकडे पाहिलं. उघडी सोंड पाहिली. पाय मोडायच्या आधी तिच्या आजोळच्या घरी, अकोल्याला, ती असल्याच एका घसरगुंडीवर दिवस दिवस असायची.

"आई! घसरगुंडी!"

आणि ती कडेवरून सटकली. कठड्याच्या खालच्या दांडीखालून आत शिरली आणि चालली. एक पाऊल, दोन, तीन, चार. माझ्या सोंडेला दोन्ही हातांनी मिठी मारून उभी राहिली.

शकुननं डोळे उघडले. तेवढ्यात खुशालराव आरतीचं ताट घेऊन आले.

"अवं, आवर पोरीले! पाय लागून राहिले देवाले!"

"लागू द्या, काकाजी," शकुन म्हणाली. ती रडत होती, पण आवाज तिचा नव्हता, कोणातरी खंबीर बाईचा होता. "महादेवाच्या पिंडीवर मुंगी चढते, तिले कोणी हाकलते का?"

"नवस बोलली होती न तू? पावला तुले. आता एकवीस लाडू आणजो, नारळ आणजो."

"आणीन. एकवीस बोलली, एकवीसच आणीन."

पाय बरा मी केला नाही. हाड डॉक्टरांनी जुळवलं आणि भीती त्या पोरीनं स्वतः टाकली. यात देव कुठून कसा आला ते मला ठाऊक नाही. शकुनला ठाऊक आहे, आणि तिच्याशी मी वाद घालणार नाही.

महिनाभर ती गल्लोगल्ली फिरली. पुढच्या चतुर्थीला, दुपारी चार वाजता, काठाची साडी नेसून बागेत आली. हातात पाण्याचा तांब्या, हळदीकुंकवाची कोयरी. लाडू नव्हते. मागे पोरं होती, सगळ्या रंगांची, सगळ्या आकारांची, एकाचं नाक वाहत असलेलं. तिनं कठड्यापाशी पाट मांडला, एकेकाला उभं केलं, पाय धुतले, पदरानं पुसले, पावलांवर हळदकुंकू लावलं. कुमारिकेचे पाय पूजतात ना, अगदी तस्सं.

खुशालराव कठड्याचं दार अडवून उभे. "हे काय लावलं, शकुन?"

"नवस फेडून राहिली, काकाजी. एकवीस लेकरं. देवाले काय आवडते ते म्या माह्या डोयानं पाह्यलं."

"मूर्तीवर पाय?"

"धुतले न पाय. पुजले पण. आता यातला कोणता पाय वाईट हाये, तुमीच सांगा."

चतुराबाई टोपली सोडून उठली. दोन वर्षं तिच्या जिवाला त्या ओंजळभर शेंदराची टोचणी होती. "खुशालभाऊ, एक इचारू? देव हाये म्हनता तं नवस अडवू नका, अडवनाऱ्याच्या अंगावर येते. अन् देव नाई म्हनता तं घसरगुंडी हाये. काय हाये ते सांगा एकडावचं, म्हंजे आमी मोकये."

लोक हसले. खुशालराव हसले नाहीत.  मग त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. भाविक माणूस, नवस अडवणं त्यांच्यानं झालं नाही.

पहिली करिश्मा. सहा पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढली. वर बसली आणि कडा घट्ट धरून गोठली.  शकुन सोंडेच्या टोकाशी वाळूत गुडघे टेकून बसली, हात पसरले.

"सोड हात!"

पस्तीसहून जास्त वर्षांनी तीच हाक. पोरीनं हात सोडला. थेट आईच्या ओटीत.

मग रांगच लागली. दोन, सहा, तेरा. खुशालरावच मोजत होते, आरतीच्या आवाजात. अठरा झाले, एकोणीस झाले. विसाव्यानं दोनदा घसरायचा प्रयत्न केला, तो धरला गेला. आणि एकविसावं पोर नाहीच. ते आलं होतं, पण मघाशीच त्याच्या आईनं स्कुटीवरून हाक मारली होती, "चाल रे, ट्युशन हाये!" आणि घेऊनही गेली.

शकुनचा चेहरा उतरला. "एक कमी पडलं."

"काहून कमी पडलं?" चतुराबाई म्हणाली. तिनं पाटावर पाय ठेवले. भेगाळलेले, मातीचे पाय. "धू मायबाई. माह्या लेकराईनं हौस फेडली, म्या नुसतं पाह्यलं. मी काय लेकरू होतीच नाई का कधी?"

शकुननं तिचे पाय धुतले. हळदकुंकू लावलं. साठी उलटलेली ती बाई, लुगडं आवरत, पायरी-पायरीला "अय माय" करत वर चढली. माझ्या सळया कुरकुरल्या, मी त्यांना गप्प केलं. ती वर बसली. तिथून तिला फाटकाशी आपली टोपली दिसली असेल, पहिल्यांदाच वरून. मग तिनं दोन्ही हात वर केले आणि अशी काही किंकाळी मारत आली की झाडावरची पाखरं उडाली.

"एकवीस," खुशालराव म्हणाले.  "झाला नवस."

त्या दिवसापासून कुलूप लागलेलं नाही. टिनाचं छत आहे, असू द्या, उन्हाळ्यात सोंड भाजत नाही. कपाळावर शेंदूर आहे, तोही राहू द्या. सोंडेवरचा मात्र पोरांच्या चड्ड्यांनी पुसून नेला, आणि कपडे धुताना आया मला शिव्या देतात. खुशाल द्या. पाटीवर आता 'चपला बाहेर काढाव्या' एवढंच उरलं आहे. बाकीचं कोणीतरी खरवडून काढलं. खुशालरावांनी अजून ते पुन्हा लिहिलेलं नाही.

प्लास्टिकवाले समितीत पुन्हा येऊन गेले, असं ऐकतो. येऊ द्या. मशीन आलं तर मी इथे आहे, हार घेऊन कोणी देव करायला आलं तरी मी इथेच आहे. दोघांनाही माझं एकच उत्तर आहे, आणि ते वाळूपर्यंत पोचतं.

तुम्ही नवस बोला, नको कोण म्हणतं? पण फेडायला लेकरं घेऊन या. आणि घरी जायच्या वेळी "हत्ती झोपला" असं त्यांना सांगू नका. मी जागा आहे. सहाच पायऱ्या आहेत. चढा, बसा, आणि सोडा हात.