गुडघाभर समुद्र

मोहाटोल्यात दोन दिवस टँकर आला नव्हता. मे महिना, विहिरीत नुसती ओल, आणि सत्तर घरांच्या त्या टोल्याचे ड्रम रस्त्यावर तोंड वासून उभे. तिसऱ्या दिवशी सरपंच भागाबाई मडावी जंगलूमामाला घेऊन सेलूवरून एस.टी.त बसली. टँकर कुठं मेला ते पाहायला.

जंगलूमामा म्हणजे तिच्या आईचा भाऊ. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो वावरातून फिरायचा. जिथं नारळ उभा झाला तिथं खाली पाणी. पिशवीत नारळ असल्याशिवाय म्हातारा घराबाहेर पडत नसे.

टँकर वर्ध्यात सापडला. एका मोठ्या सभागृहाच्या मागच्या मैदानात, रिकाम्या पोटानं उभा. ड्रायव्हर मुकेश सावलीत बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता.

"काऊन रे मुकेश, आमचं पाणी कुठं टाकलं तू?"

मुकेशनं हनुवटीनं मैदानाकडे दाखवलं. "समुद्रात."

भागाबाईला वाटलं, गडी थट्टा करून राह्यला. पण समुद्र होता. मातीच्या पोत्यांची कड, आत शेततळ्याचं निळं प्लास्टिक आणि त्यात मोहाटोल्याचं बारा हजार लिटर पाणी, गुडघाभर. मधोमध वेल्डिंगवाल्याकडून करून आणलेला लोखंडी मनोरा. वर फलक : 'सागरतळ ऊर्जा संमेलन. समुद्रातील तेल व वायूच्या शोधाला जिल्ह्याची साथ.'

आता वर्ध्याहून अर्धा दिवस गाडी हाणली तरी समुद्र लागत नाही, हे शाळेतल्या पोराला कळतं. पण वरून परिपत्रक आलं होतं : प्रत्येक जिल्ह्यात संमेलन घ्यावे. 'जिल्ह्यात समुद्र नसल्यास' असा रकाना त्यात नव्हताच. आणि संमेलनाचं काम ज्याच्या गळ्यात पडलं त्या बंडोपंत बाबूनं तीस वर्षांच्या नोकरीत एकच विद्या कमावली होती, ती म्हणजे रकाना रिकामा ठेवायचा नाही. समुद्र नव्हता, त्यानं केला. 'ड्रिलिंग उद्योगातील प्रतिनिधी' पाहिजे होते, त्यानं जिल्ह्यातले बोरवेल मशीनवाले आणून बसवले. तहानलेल्या टोल्याचा रकाना कोणी छापला नव्हता. म्हणून तो त्याला दिसलाच नाही.

"या, या, सरपंचबाई!" बंडोपंत धावतच आला. "महिला लोकप्रतिनिधी एकही नव्हती. पहिल्या रांगेत बसा."

"बसाले नाई आली मी. पाणी द्या आमचं."

"देतो ना! बारा वाजता पाहुणे येतात, बटण दाबतात, झालं. मग सगळा समुद्र तुमचाच."

तो गेल्यावर मुकेश हळूच म्हणाला, "काकू, त्या मनोऱ्याखाली जळक्या ऑइलचा ड्रम ठेवला हाये. गॅरेजमधलं. बटण दाबलं की काळी धार वर उडते अन् पाण्यात पडते. तेल लागलं म्हणून टाळ्या."

"मंग त्या पाण्याचं?"

"म्हैस बी बसणार नाई त्यात."

भागाबाईनं सभागृहावरचं घड्याळ पाहिलं. साडेअकरा.

ती समुद्रासमोरच्या मांडवात पहिल्या रांगेत जाऊन बसली. मंचावर तेल कंपनीचा अभिराम साहेब होता, मुंबईचा, या उन्हात कोट घातलेला. समुद्र न पाहिलेल्या लोकांना तो समुद्र समजावून सांगत होता. "समुद्र रोज दोनदा मागे सरतो आणि रोज दोनदा आपोआप परत येतो. आम्ही त्याच्या तळाखाली तीन-तीन किलोमीटर खोल जातो. आणि पाण्यात तेलाचा एक थेंबही सांडू देत नाही!"

भागाबाई उभी राहिली. "साहेब, समुद्राखाली तीन किलोमीटर जाता, अन् आमच्या टोल्यावर बोरले दोनशे फुटाखाली मंजुरी नाई म्हणते. आमची जमीन समुद्रापरस कडक हाये का?"

मागं बोरवाले हसले. अभिराम साहेबही हसला. "ताई, प्रश्नोत्तरं शेवटी."

तेवढ्यात बंडोपंतला फोन आला. पाहुण्यांचं विमान नागपूरला उशिरा उतरलं, यायला दोन वाजतील. त्यानं मंचावरून तसं जाहीर केलं. भागाबाईच्या जिवात जीव आला. ती वळून जंगलूमामाच्या कानाशी लागली.

"मामा, नारळ काढ."

"मी नारळाशी खोटं बोलत नाई, भागे. आधीच सांगतो."

"खोटं कोण बोल म्हणते तुले? या डबक्याखाली काई हाये का, एवढंच पाह्य."

मग ती बोरवाल्यांकडे तोंड करून मोठ्यानं बोलली, "काऊन हो चंद्रभानभाऊ, तुमच्यात बोरचा पॉइंट पाह्यल्याबिगर मशीन लावते का कोणी?"

चंद्रभान म्हणजे सगळ्या बोरवाल्यांचा म्होरक्या. चार मशिनी, गळ्यात ताईत, आणि नारळ फोडल्याशिवाय ट्रकची किल्लीही न फिरवणारा. तो खुर्चीत सरळ झाला. "खरंच की. ओ बंडोपंत, पॉइंट कोणं काढला हा?"

"पॉइंट कसला? हे मॉडेल आहे हो!"

"मॉडेल असो का मशीन. तुमच्या कागदावर पन्नास बोरवाल्यांच्या सह्या पाहिजेत ना? फेल बोरवर मी सही करत नाई. जिल्ह्यात नाव हाये माझं."

अभिराम साहेबाला मात्र आनंद झाला. स्थानिक परंपरा! त्यानं फोटोवाल्याला बोलावलं.

जंगलूमामानं चपला काढल्या. तळहातावर नारळ आडवा ठेवला आणि समुद्राला सावकाश फेरी मारली. मग धोतर खोचून आत उतरला, थेट मनोऱ्यापर्यंत गेला. नारळ मेल्यासारखा पडून. पन्नास बोरवाले श्वास रोखून पाहत होते; असे तर ते नेत्याच्या भाषणालाही बसले नव्हते. म्हातारा बाहेर आला, चालत राहिला, आणि फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली नारळ टुणकन उभा झाला.

"इथं," जंगलूमामा म्हणाला.

"झालं ना!" चंद्रभाननं मांडीवर थाप मारली. "पॉइंट तिकडे अन् समुद्र इकडे. लेकहो, चाळीस फूट चुकला तुमचा समुद्र!"

"बाबा, नक्की तिथंच ना?" बंडोपंतनं विचारलं. काय लागेल, ते विचारायचं त्याला सुचलं नाही. मामा पाण्याचाच जाणकार, त्यानं पाणी सांगितलं. कोणी विचारलं असतं तर तेही सांगितलं असतं.

सह्यांचा कागद कोरा. सह्यांचा रकाना रिकामा! बंडोपंतला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती. दोन तास हातात होते. तो ओरडला, "मुकेश! समुद्र टँकरमध्ये घे! कडुनिंबाखाली हलवायचा आहे!"

मुकेशनं मोटर लावली. पाऊण तासात समुद्र टँकरच्या पोटात परत. मजूर प्लास्टिक उचलायला वाकले, बंडोपंत कडुनिंबाखाली फित्ता धरून माप घेऊ लागला, आणि टँकर त्याच्या शेजारून फाटकाबाहेर पडला. केबिनमध्ये भागाबाई, तिच्या मांडीला मांडी लावून जंगलूमामा, मामाच्या मांडीवर नारळ.

"अरे! ओ! इकडे घे!" बंडोपंत मागं पळाला.

"बाबूजी फाटकापर्यंत तं आले पळत," मुकेश आरशात पाहून म्हणाला.

"टोल्यापर्यंत येत असन तं येऊ दे. एक गुंड पाणी त्याले बी भरून देऊ."

पाण्याला प्लास्टिकचा वास होता. बायांनी नाकं मुरडली, नवऱ्यांना आणि सरकारला सारख्याच शिव्या दिल्या आणि सत्तर घरांचे ड्रम भरले.

तिकडे दोन वाजता पाहुण्यांनी बटण दाबलं. धार उडाली, कोरड्या प्लास्टिकवर पडली, थोडी पाहुण्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. अहवालात बंडोपंतनं लिहिलं, 'प्रात्यक्षिक यशस्वी.'

आठवड्यानं ग्रामपंचायतीत बंडोपंतच्या कचेरीची नोटीस आली. संमेलनस्थळावरील समुद्र परवानगीशिवाय नेल्याबद्दल सात दिवसांत खुलासा करावा व समुद्र मूळ जागी आणून द्यावा. खाली सही, शिक्का, तारीख. त्या आठवड्यातही टँकर एकदाच आला होता.

भागाबाईनं ग्रामसेविका मीराताईला समोर बसवलं. "लिहा. मी सांगन तसंच लिहा. समुद्र मी नेला नाई. तुमच्याच साहेबानं मंचावरून सांगतलं का तो रोज मागं सरते अन् आपोआप परत येते. मोहाटोल्यापर्यंत सरला असन."

मीराताई तोंडाला पदर लावून हसत होती. "अन् आणून कधी देता, विचारतात."

"लिहा ना. आम्ही टँकरची पाह्यतो तशी वाट पाहा म्हणा. आमाले सवय हाये. त्याईलेबी होईन."