पाच कप्प्यांचा खोका

मित्रांनो, मी एक जुना बुटांचा खोका आहे. आठ नंबरच्या काळ्या बुटांचा. ते बूट एका लग्नात दोन दिवस मिरवले, मग त्यांची टाच निघाली आणि ते गेले ते गेलेच. मी मागे राहिलो. आतला माल संपला की खोक्याला लोक एक तर रद्दीत देतात, नाहीतर त्यात विजेची बिलं कोंबतात. माझ्या वाट्याला यातलं काही आलं नाही. मला शिकायला घातलं.

माझे मालक म्हणजे आजोबा. त्यांनी चाळीस वर्षं पुस्तकं बांधली. फाटकी पुस्तकं त्यांच्याकडे यायची आणि शिवून, खळ लावून, नवा पुठ्ठा चढवून परत जायची. बांधता बांधता वाचायला काही सवड झाली नाही, असं ते स्वतःच हसत सांगत. त्यांची एकुलती एक लेक लग्न करून दूरच्या देशात गेली. तिथे तिला मुलगी झाली. ही नात फोनवर दिसायची, पण बोलायची तिकडच्या भाषेत. तिच्या वडिलांची भाषा तीच, शाळेची तीच, खेळगड्यांचीही तीच. आजोबा फोनसमोर नुसता हात हलवायचे. नात भिंतीवरच्या तसबिरीकडे बघावं तशी त्यांच्याकडे बघायची आणि पळून जायची. हे त्यांच्या मनाला फार लागलं. डोळे मिटायच्या आत नातीशी तिच्या भाषेत चार वाक्यं बोलायची, एवढं एकच त्यांनी धरून ठेवलं.

ज्या वाचनालयाची पुस्तकं ते बांधत, तिथल्या ग्रंथपालबाईंनी त्यांना त्या भाषेचं एक जुनं पुस्तक दिलं. त्यातले शब्द आणि वाक्यं कानाने ऐकता यावीत म्हणून फोनमध्ये काहीतरी घालून दिलं. आणि एक युक्ती सांगितली.

"एका खोक्याचे पाच कप्पे करा. नवा शब्द पहिल्या कप्प्यात. बरोबर आला की दुसऱ्यात, तिथे आला की तिसऱ्यात. चुकला की कुठूनही उचलून परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा दिवसाआड, असं करत पाचवा महिन्यातून एकदा. आणि दोन्ही बाजूंनी विचारायचं हं, आजोबा."

त्याच संध्याकाळी माझा पुनर्जन्म झाला. आजोबांनी माझ्यात पुठ्ठ्याचे चार पडदे बसवले. बाहेरून निळं बांधणीचं कापड चढवलं आणि हाडाच्या पट्टीने कोपरे घासून असे बसवले की कापड पुठ्ठ्यालाच उगवलंय असं वाटावं. मग जाड कागदाची कार्डं कापली, सगळी एका मापाची. एका बाजूला परक्या लिपीतला शब्द, दुसऱ्या बाजूला आपला अर्थ. कार्डं वाढत वाढत सहाशे चाळीस झाली. बूट पोटात घेऊन बसण्यापेक्षा हे ओझं मला फार हलकं वाटायचं.

परीक्षा घ्यायची आजी. सकाळचा चहा झाला की दोघं टेबलाशी समोरासमोर बसत. आजीची शाळा चौथीत सुटली होती. जन्मभर तिला कुणी काही विचारलं नव्हतं आणि आता ती विचारणार होती. ती चष्मा लावून, पदर नीट करून बसायची. आजोबा तिला मास्तरीणबाई म्हणत.

शब्द अंगात मुरावा म्हणून आजोबा तो हातांनी करूनही दाखवत. 'ढकलणे' आलं की उठून दार ढकलत. 'घडी घालणे' आलं की टॉवेल घेत. 'रुसणे' आलं की खुर्ची फिरवून आजीकडे पाठ करून बसत. घरातल्या वस्तूंवर त्यांनी चिठ्ठ्या डकवल्या होत्या. साखरेच्या डब्यावर चिठ्ठी, आरशावर चिठ्ठी, खिडकीच्या कडीवर चिठ्ठी.

"उद्या माझ्या कपाळावर लावाल," आजी म्हणाली.

"लावली असती. पण मास्तरीणबाईला काय म्हणतात ते या पुस्तकात नाही."

मित्रांनो, त्या दिवसांत त्या घरात फार सुख होतं. आणि चूकही तिथेच होत होती.

आजीला ती लिपी वाचता येत नव्हती. त्यामुळे परका शब्द आजोबांच्या समोर धरायचा आणि आपल्या बाजूचा अर्थ स्वतः बघायचा, एवढंच तिला शक्य होतं. आजोबा शब्द बघून अर्थ सांगायचे, ती म्हणायची, "बरोबर." कधी ते परका शब्द मोठ्याने वाचू लागले की ती थांबवायची. "वाचत काय बसलात? अर्थ सांगा, अजून वीस राहिलीत." उलटं विचारायचं, म्हणजे आपला शब्द दाखवून त्यांच्याकडून परका बोलून घ्यायचा, तर तो बरोबर की चूक हे तिला कळणार कसं? आजोबा म्हणाले, आधी ही बाजू पक्की होऊ दे, मग ती. दोन वर्षांत ती 'मग' आली नाही. आजीच्या हातातलं काम काढून घ्यायचं त्यांच्या जिवावर आलं असावं, असं मला आता वाटतं. मला तेव्हाही सगळं दिसत होतं. पण खोक्याला विचारतो कोण?

दुपारी आजोबा कानात ती फोनवरची वाक्यं ऐकत पडायचे. कान तयार झाला, डोळे तयार झाले. तोंड मात्र कोरं राहिलं. पाचवा कप्पा भरत गेला तशी आजीची छाती फुलत गेली. शेजारणी आल्या की ती मला उचलून दाखवायची. "हे बघा, एवढं सगळं ह्यांना पाठ आहे." मीही फुगलो होतो, खोटं कशाला सांगू. लेकीला यातलं काही कळू द्यायचं नाही, ती आली की एकदम चकित करायचं, असं दोघांचं ठरलं होतं. ती येण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी घरातल्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या.

लेक आणि नात नऊ दिवसांसाठी आल्या. नात पाच वर्षांची होती. पुढचा एक दात पडलेला, हातात सतत काहीतरी. तिसऱ्या दिवशी सकाळी लेक आणि आजी पलीकडे भाजी निवडत होत्या. नात टेबलाशी आली, माझ्या निळ्या कापडावरून तिने बोट फिरवलं आणि तिच्या भाषेत विचारलं, "आजोबा, हा खोका तुम्ही केला?"

आजोबांना शब्दन् शब्द कळला. त्यांचा चेहरा असा उजळला की मी तो कधी विसरणार नाही. 'खोका' माझ्या पाचव्या कप्प्यात होता, 'करणे' पाचव्या कप्प्यात होतं, 'हो' तर पहिल्याच आठवड्यात पाठ झालं होतं. त्यांनी तोंड उघडलं. काही आलं नाही. ते हात हवेत फिरवू लागले, कापड चढवल्यासारखे. ओठ हलत होते. नातीने पुन्हा विचारलं, सावकाश, मोठ्याने. आजोबांच्या तोंडून एक नुसता आवाज बाहेर पडला.

नातीने मागे वळून आईला त्याच भाषेत विचारलं, "आई, आजोबा मुके आहेत का?"

"नाही गं," लेक भाजीतून मान वर न करता तिच्याच भाषेत म्हणाली. "त्यांना आपली भाषा येत नाही. आता या वयात यायचीही नाही. त्यांना त्रास नको देऊस. नुसतं हसून दाखव, म्हणजे झालं."

ती वाईट नव्हती हो. आपल्या वडिलांना हे कळतंय हे तिला माहीतच नव्हतं. नातीने आजोबांकडे बघून शहाण्या मुलीसारखं हसून दाखवलं आणि ती बाहेर खेळायला गेली.

आजी हात पुसत लगबगीने आली. एवढं लांबलचक बोलणं झालेलं तिने ऐकलं होतं.

"काय म्हणाली हो? कळलं ना तुम्हाला?"

आजोबांनी माझ्या निळ्या कापडावर हात ठेवला. मग म्हणाले, "कळलं. म्हणाली, आजोबांचा खोका फार छान आहे."

"बघा," आजी म्हणाली. "शेवटी कामाला आलं की नाही?"

दोन वर्षांच्या शिक्षणातून आजोबांनी केलेलं हे एकच भाषांतर. तेही खोटं.

उरलेले सहा दिवस ते हसत राहिले. नातही हसून दाखवत राहिली. विमानाच्या दिवशी तिने लांबूनच हात हलवला, अगदी फोनवर हलवायची तसा.

मग आजोबांनी गुपचूप दुसरी बाजू धरली. आजी दुपारी पडली की ते मला खाली काढत, कार्डाची आपली बाजू बघत आणि परका शब्द पुटपुटत. जवळजवळ सगळेच चुकत. नियमाप्रमाणे चुकलेली कार्डं पहिल्या कप्प्यात टाकत. पण चहाच्या वेळी आजी उठायची. पहिला कप्पा भरलेला दिसला तर ती विचारणार, आणि मग चूक कुणाच्या हातून झाली तेही तिला कळणार. म्हणून ती उठायच्या आत ते सगळी कार्डं उचलून परत पाचव्या कप्प्यात ठेवत. काय आलं, काय राहिलं, ते लक्षात ठेवायला मला बनवलं होतं. ती नोंदच आजोबा रोज पुसून टाकत. वर्षभर त्यांनी असं केलं. त्यातून एक वाक्य कसंबसं तयार झालं: तुझ्याशी बोलायला मला आवडतं.

एका रविवारी फोनवर नात आली तेव्हा त्यांनी ते म्हटलं. आजीने शेजारी बसून त्यांचा गुडघा धरला होता. ते वाक्य त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकलं नव्हतं, कुणी सुधारलं नव्हतं. नातीने कपाळाला आठ्या घातल्या आणि आईला विचारलं, "आजोबा कोणत्या भाषेत बोलताहेत?"

तेही त्यांना कळलं.

त्यानंतर मला कुणी उघडलं नाही. सगळं पाठ झालं आता, असं त्यांनी आजीला सांगितलं. ती दर आठवड्याला माझ्यावरची धूळ पुसते आणि आल्यागेल्याला सांगते की ह्यांना ती भाषा अख्खी येते. आजोबा तेवढ्यात उठून गॅलरीत जातात. माझं कापड कडेला सुटू लागलंय. ते चिकटवायला खळ घरात आहे, हात आहेत, पण त्यांचं लक्ष नाही.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. मी खोका आहे, रद्दीत गेलो तरी चालेल. पण तुमच्यासमोर एखादं म्हातारं माणूस तोंड उघडून अडलं, तर हसून दाखवून निघून जाऊ नका. त्याच्या वतीने दुसऱ्या कुणाला उत्तर देऊ देऊ नका. शेजारी बसा आणि थांबा. त्या सकाळी 'हो' हा शब्द आजोबांच्या ओठांपर्यंत आला होता. मी समोर होतो, मी पाहिलाय.