एकवीस तारखेचा शिक्का

"दम असंल तं भगवानरावच्या डोळ्यादेखत खोटी तारीख मारून दाखव," स्टेपलर म्हणालं. "नाई तं आजपासून तुले शिक्का नाई, खोडरबर म्हणंन."

मी म्हटलं, "हाव. दाखवतो."

झालं. एवढंच बोललो अन् फसलो. शहाण्यानं असल्या स्टेपलरच्या नादी लागू नाई, पण मी कुठचा शहाणा. मी तारखेचा शिक्का हाय. सोनाळ्याच्या वरतं, सातपुड्याच्या पायथ्याशी जंगलाचं गेट हाय, तिथल्या टेबलावर माही वस्ती. वय चवदा. शिक्षण म्हणाल तं एक ते एकतीस अन् बारा महिने. बाराखडी राहूनच गेली. माह्याच अंगावर गोल गोल काय लिहलं हाय, थे मले आजवर वाचता नाई आलं.

जन्म अकोल्याच्या एका शिक्केवाल्याच्या दुकानात. त्यानं मले लाकडाची मूठ देली अन् पोटात रबराचे तीन पट्टे बसवले: दिवसाचा, महिन्याचा, सालाचा. बाजूले तीन चाकं. चाक फिरवलं की टक वाजते अन् पट्टा एक घर सरकते. पहिल्या दिवशी भगवानरावनं मले हातात घेतलं, मुठीवर फुंकर मारली अन् म्हणाले, "चल गड्या, नोकरीवर लाग."

भगवानराव म्हंजे आमचे गेटवरचे गार्ड. चष्मा कायम कपाळावर, डोळ्यावर कधीच नाई. तारीख पाहून नाई फिरवत, टक ऐकून फिरवतात. मले त्यायचा अंगठा वळखू येते अन् त्यायले माहा आवाज.

पहिले लय भारी दिवस होते, बापा. जंगलात पायी जायचं असंल, पठारावर तंबू ठोकून एक रात मुक्काम करायचा असंल, तं माणसाले गेटवर यावंच लागे. जळगाव जामोदच्या पहिल्या बसनं येऊन लोकं लाईन लावत. दिवसाले सोळाच माणसं सोडायचा नियम, म्हणून भांडणं होत. "मी पहिले आलो." "तू चहा प्यायले गेलता, तुहा नंबर गेला." भगवानराव परवान्यावर नावं लिहत अन् शेवटी मले उचलत. मी कागदावर पडलो की जंगल उघडे. एकदा एका मोठ्या साहेबाचा साळा बिनाशिक्क्याचा आलता. "वळखत नाई का मले?" म्हणे. भगवानराव म्हणाले, "मी वळखतो हो, पण हा शिक्का नाई वळखत." त्या दिवशी मी शाई न पिताच फुगलो होतो.

मंग दोन वर्सांमांगं ते पांढरं धूड आलं. प्रिंटर.

परवाने ऑनलाईन झाले. महिन्याच्या एक तारखेले सकाळी दहाले बुकिंग उघडते अन् शनिवार-रविवार सात मिनिटात साफ. पुण्या-नागपूरची मंडळी तीन-तीन मोबाईल घेऊन बसते म्हणे. वरवट बकालचा माणूस, ज्याच्या वावरातून हा डोंगर दिसते, तो सायबर कॅफेत बोट घासत राह्यते अन् त्याले 'जागा शिल्लक नाही' भेटते. पण थे त्याचं दुखणं. माहं दुखणं वेगळं होतं.

प्रिंटर आला तवा त्याच्यापुढं नारळ फोडला. कुंकवाचं बोट लावलं, हार घातला. मले चवदा वर्सात कोणी कुंकू लावलं? जांभळी शाई तेवढी. त्याले खिडकीची जागा, वरतं भरतकामाचा रुमाल. त्याच्यासोबत शिवम आला, कंत्राटावरचा पोट्टा, दिवसातून दोनदा त्याले मऊ फडक्यानं पुसते. मले पुसाचं झालं तं भगवानराव पायजम्यावर घासतात. अन् पहिले लोकं कागदावरच्या माह्या छापाचा फोटो काढत, आता त्या काळ्या-पांढऱ्या चौकटीचा काढतात. काय हाय बे त्या चौकटीत? मुंगळे मेल्यावानी दिसते.

मले काढलं काऊन नाई? तं वरच्या चौकीवर मोबाईलले रेंज नाई. तिथं नारायणराव बसतात. ते मोबाईल-बिबाईल पाहत नाईत, मले पाह्यतात. "कागद कोणीबी छापते. शिक्का सरकारचा असते," हे त्यायचं ब्रीदवाक्य. म्हणून छापील परवान्यावरबी माहा छाप लागतेच. मुक्कामाच्या कागदावर तं दोन लागतात, एक जायचा, एक परत यायचा. भगवानराव आजची तारीख मारतात, टक करून एक घर पुढं नेतात, उद्याची मारतात, मंग टक करून मागं आणतात.

अजून एक सांगून टाकतो. माहा छाप हजारदा जंगलात गेला, मी नाई गेलो एकदाबी. कागद जाते, माणूस जाते, माणसाची पाण्याची बाटली जाते. परत आल्यावर बुटं पायरीवर बसून सांगतात, तिथं पाणी होतं, तिथं अस्वलीचे पंजे होते. अन् मी इथं शाईच्या पॅडवर. जळायले होते की नाई?

आता करिष्माचं सांगतो, नाई तं पुढचं समजणार नाई. करिष्मा वरवट बकालची पोट्टी, एकोणीस वर्साची. तिची आई पुष्पाबाई वांगे, मिरच्या, सांबार म्हंजे कोथिंबीर लावते अन् बाजारी विकते. करिष्माले जंगलाची गाईड व्हायचं होतं. त्याचा नियम असा, की शिकाऊ म्हणून तीन मुक्काम करा, तिन्हीचे शिक्क्याचे परवाने सोमवारी दुपारपर्यंत हापिसात जमा करा, मंग यादीत नाव. पुढची यादी दोन वर्सांनी. तिचे दोन मुक्काम झालते. तिसरा होता शनिवारी, एकवीस फेब्रुवारीले. अकोल्याचे डॉक्टर नवरा-बायको अन् त्यायचे दोघं दोस्त, त्यायच्या परवान्यात पाचवं नाव करिष्माचं. तो हुकला तं घरी काय होणार थे तिनंच सकाळी भगवानरावले सांगितलं.

"काका, आईनं सांगून ठेवलं. यादीत नाव आलं तं ठीक, नाई तं एप्रिलात पाहुणे येतात पाहायले."

"मंग येशील ना यादीत. एक रात तं राह्यली," भगवानराव म्हणाले.

"अन् पाहुण्यायले जंगल दाखवू, काका. फुकट नाई पण."

शिवम खिदळला. मीबी खिदळलो असतो, पण माह्या डोक्यात स्टेपलरची पैज.

पैज मी लावली होती प्रिंटरसाठी. कागदावर प्रिंटर एक सांगंल अन् मी दुसरं सांगंन, मंग पाहू लोकं कोणाचं ऐकतात. एवढीच गंमत. कोणाचा कागद येते याच्याशी मले घेणंदेणं नोयतं.

पहिला मुक्कामवाला गट आला. एकवीस मारली. टक, बावीस मारली. मंग भगवानरावनं मागं आणाले चाक फिरवलं. मी टक वाजवलं, अन् सरकलो नाई. आवाज देला, पट्टा तिथंच धरून ठेवला. स्टेपलर म्हणालं, "च्या मायला."

दुसरा कागद करिष्माच्या गटाचा. त्याच्यावर ठोक, बावीस. टक, ठोक, तेवीस. कागदावर वर प्रिंटर सांगून राह्यला एकवीस-बावीस, खाली मी सांगून राह्यलो बावीस-तेवीस. चष्मा कपाळावर. करिष्मानं घडी घालून कागद खिशात ठेवला. डॉक्टरीनबाई म्हणाल्या, "चला, ऊन व्हायच्या आत." निघाले.

भगवानरावनं एक घर मागं फिरवलं, मी दोन घरं गेलो. परत एकवीस. जसं काही झालंच नाई.

दुपारी अडीचले पाचही जणं खाली. पळसाखालून येताना दिसले तवाच मी समजलो. पुढं करिष्मा, मांगं डॉक्टर, तोंड लाल.

"नारायणराव काकानं वापस पाठवलं," करिष्मा म्हणाली. "तारीख उद्याची हाय म्हणे. उद्या या."

भगवानरावनं कागद हातात घेतला, चष्मा डोळ्यावर ओढला. वर पाह्यलं, खाली पाह्यलं. मंग मले उचलून जुन्या पेपरावर तीनदा मारलं. एकवीस, एकवीस, एकवीस. मी साळसूद.

"शिवमभाऊ," ते म्हणाले, "बुकिंग बावीसचं असंल. तुह्या मशिनीनं एकवीस छापलं."

"काका, कम्प्युटरवर पाहा ना. एकवीसच हाय."

"कम्प्युटरले तू जे सांगशील थेच तो दाखवंल. इथं दोन शिक्के हायत. बावीस अन् तेवीस. दोन शिक्के खोटे अन् तुहं एक मशीन खरं?"

"मंग बावीसच्या यादीत या लोकायची नावं काऊन नाईत?"

"थेच तं तुले इचारून राह्यलो. काय घोळ घातला?"

डॉक्टर मधात पडले. "अहो, एक तारखेला दहा वाजल्यापासून बसून काढलंय हे. आमच्या मेसेजमध्येपण एकवीस आहे."

"साहेब, मेसेजबी त्याच मशिनीतून येते."

ऐकलं? चवदा वर्साचा भरवसा होता तो. मी म्हणालो, पाह्य बे स्टेपलर, पाह्य कोणाचं चालते. प्रिंटरच्या रुमालावर माशी बसली होती, तेबी कोणी हाकलली नाई. मले इतकं गोड वाटलं, का सांगू. पाच मिनिटं.

"मंग आता काय, काका?" करिष्मानं इचारलं.

"बेटा, शिक्का चुकला असता तं मीच खोडून सही केली असती. गेटवाल्याले तेवढा अधिकार हाय. पण बुकिंगची चूक साहेबच दुरुस्त करतात, अन् साहेब मंगळवारी येतात."

"सोमवारी कागद जमा करायचे हायत."

घड्याळात तीन. चारच्या नंतर कोणाले वर सोडत नाईत.

करिष्मा पायरीवर बसली अन् बुटाच्या लेस सोडू लागली. रडली-बिडली नाई. एक बूट काढला, उलटा करून त्यातला खडा झटकला, बाजूले ठेवला. डॉक्टरीनबाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला तं म्हणाली, "तुमचे पैसे वापस भेटतीन, ताई. अर्ज करा लागते. मी लिहून देतो." मंग शिवमकडे पाहून म्हणाली, "तू कायले तोंड पाडतं? मुद्दाम थोडीच केलं तू."

मुद्दाम. बरं झालं तिनं माह्याकडं नाई पाह्यलं.

शिवम खुलासा लिहत बसला. भगवानरावनंच लिहायले लावला होता. 'माझ्याकडून नजरचुकीने' इथपर्यंत आला अन् पेन थांबला.

"काका, झालंच नाई तं कसं लिहू? कंत्राट जाईन माहं."

"लिही. खोटं निघालं तं मी हाय."

त्यानं लिहलं. दोन प्रती, एक हापिसची, एक गेटची. दोन्हीवर तारीख माहीच पडणार.

स्टेपलर हळूच म्हणालं, "जिंकला ना बे. आता चूप राह्य. तोंड उघडशील तं भंगारात जाशील."

खरंच होतं. खोटी तारीख मारणारा शिक्का कोण ठेवते? प्रिंटर बिघडला तं मिस्त्री येते. माह्यासाठी कोणी येणार नोयतं. अन् मी बोललो नसतो तं खिडकीची जागाबी भेटली असती कदाचित. हे सगळं मी इमानदारीनं इचारात घेतलं. मी काई साधू नोय.

भगवानरावनं मले पहिल्या प्रतीवर मारलं. एकवीस. उचललं. त्यायचा अंगठा मुठीवर होता, चाकाले हातबी नोयता लागला. अन् तिथं अधांतरीच मी पट्टा सोडून देला. टक नाई, काई नाई. दुसऱ्या प्रतीवर पडलो तं बावीस.

दोन्ही कागद बाजू-बाजूले. शाई ओली.

आता पाह्य ना, बुढ्या. चष्मा डोळ्यावरच हाय, पाह्य.

त्यायनं पाह्यलं. लय वेळ पाह्यलं. मंग मले उलटं करून पोटाकडं पाह्यलं अन् बोट न लावता नुसतं हलवलं. मी पट्टा ढिला ठेवला. बावीसचा तेवीस झाला, तेवीसचा परत बावीस. लपवाले काई ठेवलंच नाई.

घड्याळात साडेतीनले पाच कमी होते.

"पोरी," भगवानराव म्हणाले, "बूट घाल."

"काऊन?"

"घाल म्हटलं ना."

त्यायनं तिच्या कागदावरचे माहे दोन्ही छाप पेनानं खोडले, बाजूले एकवीस-बावीस हातानं लिहलं, सही ठोकली. वायरलेस उचलला. "नारायणराव, पाच जणं वापस येऊन राह्यलेत. चूक माह्या शिक्क्याची हाय, बुकिंगची नाई. हाव, शिक्क्याची. हाव, मीच सांगून राह्यलो." शिवमचे दोन्ही कागद त्यायनं फाडले अन् म्हणाले, "जाय, चहा सांग. माहा अर्धाच."

करिष्मा लेस न बांधताच पळाली. गेटातून मांगं वळून "काका, येतो" म्हणाली अन् डॉक्टरचा गट तिच्या मांगं धावला.

आता मी खालच्या खणात हाय. माह्या पट्ट्यावर रबर गुंडाळलं हाय, आजूबाजूले मेलेले सेल अन् एक तुटकं कुलूप. वरतं प्रिंटर कागद काढते, भगवानराव पेनानं तारीख टाकतात, नवीन शिक्का अकोल्याहून यायचा हाय. करिष्माचं नाव यादीत आलं. मले खणातून तिचा आवाज येते, जंगल पाहाले आलेल्या पाहुण्यायले सांगत असते, हळू चला, बोलू नका. मले अजूनबी जळते. बदललो-बिदललो म्हणंन तं खोटं होईन.

खणात टाकाच्या आधी भगवानरावनं मले तळहातावर घेतलं होतं. शिवम चहा आणाले गेलता, कोणी नोयतं.

"चवदा वर्सं नाई केलं," ते मले म्हणाले. "आज काऊन केलं बे?"

माणसायचं बोलणं मले येत नाई. आलं असतं तं तवाच सांगितलं असतं, आता तुमाले सांगतो. पट्टा ढिला नोयता, भगवानराव. चाक खराब नोयतं. शिवमनं नाई केलं, मशिनीनं नाई केलं, तुमचा अंगठाबी नाई चुकला. मी केलं. जळून राह्यलो होतो, म्हणून केलं.