नोरीनची भीड

उद्या सकाळी अकरा वाजता फिनोलाचं लग्न होतं आणि आज दुपारी ती रोममधल्या एका खाणावळीत जेवायला बसली होती. यात घाबरण्यासारखं काय आहे असं ज्याला वाटेल, त्याला गव्हाचा पाव सुखाने पचतो, एवढंच म्हणायचं.

फिनोलाला सिलिअ‍ॅक होता. गव्हातलं, बार्लीतलं ग्लूटेन कणभर जरी पोटात गेलं तरी दोन-तीन तासांत उलट्या सुरू व्हायच्या, आणि पुढचे तीन दिवस भिंतीला धरून चालावं लागायचं. आयर्लंडमध्ये या आजाराची माणसं गल्लोगल्ली सापडतात, आणि त्यांना नखरेल म्हणणारी त्यांच्याच घरात सापडतात. अठराव्या वर्षी डॉक्टरने नाव सांगेपर्यंत फिनोलाही नखरेलच होती.

लग्न पुढे ढकलण्याची सोय नव्हती. रोमच्या त्या चर्चमध्ये उद्या, शनिवारी, चार लग्नं होती. साडेबाराला पुढची नवरी दारात उभी राहणार. साठ पाहुणे विमानाने आले होते. म्हणून फिनोला सहा महिने आधीपासून रोमच्या खाणावळींना पत्रं लिहीत होती. चाळीसपैकी ही एक तिने निवडली होती, कारण इथे मागे वेगळी चूल होती. तिच्याजवळ इटालियनमध्ये छापलेलं कार्ड होतं: मी सिलिअ‍ॅक आहे, माझ्यासाठी पाणी वेगळं, भांडं वेगळं, चाळणी वेगळी.

टेबलावर तिघीच होत्या. फिनोला, तिची आई नोरीन आणि डिम्फना आत्या. बाप्ये मंडळी नवऱ्यामुलाबरोबर, कॉरमॅकबरोबर, सूट आणायला गेली होती.

वाढपी एत्तोरे साठीचा, कमरेला पांढरं फडकं गुंडाळलेला. त्याने चष्मा लावून कार्ड शब्दन् शब्द वाचलं.

"माझ्या नातीलाही हेच आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "तुम्ही निर्धास्त बसा, सिन्योरिना. पण मागची चूल पेटवायची, नवं पाणी उकळायचं, पंचवीस मिनिटं लागतील. बाहेर रांग आहे, आतली माणसं माझ्या नावाने बोटं मोडतील. मोडू देत."

"तास लागला तरी चालेल," फिनोला म्हणाली. इतकं बरं तिला विमानातून उतरल्यापासून वाटलं नव्हतं.

नोरीनचा चेहरा मात्र पडला. आयर्लंडमधल्या एनिस गावच्या या बाईच्या लेखी दुसऱ्याला त्रास देणं हे चोरीपेक्षा मोठं पाप. पार्लरवालीने कानाला चटका दिला, तर हिनेच सॉरी म्हटलं होतं. हॉटेलात सुपात केस निघाला, तो रुमालात लपवला आणि वर टीप ठेवली. अशा बाईला लोक 'किती गोड' म्हणतात. भीड भिकेची बहीण असते हे खरं, पण नोरीनच्या घरी ती भीक नेहमी दुसऱ्याच कुणाला तरी मागावी लागायची.

"पंचवीस मिनिटं गं," ती पुटपुटली. "रांग बघ बाहेर. काय म्हणत असतील आपल्याला."

"म्हणू देत, मम्मी."

"नाही, पण ते कार्ड जरा तोंडावर फेकल्यासारखं वाटतं. नुसतं 'गहू नको' म्हटलं असतं तर?"

"नुसतं 'गहू नको' म्हणून मी दोनदा दवाखान्यात गेलेय."

"नोरीन, गप बस आणि वाइन पी," आत्या म्हणाली. "उद्या पोरीला उभं राहायचंय. तू तर बसूनच असशील."

नोरीन हात धुवून येते म्हणून उठली. चार मिनिटांनी परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर चांगलंच समाधान होतं. हात स्वच्छ झाल्याचं इतकं समाधान कुणाला होत नाही, पण फिनोलाच्या ते लक्षात आलं नाही. ती सकाळपासून उपाशी होती.

बाराव्या मिनिटाला प्लेट आली.

"लवकर झालं," फिनोला म्हणाली. "ग्लूटेनशिवायचाच ना?"

"मक्याचा पास्ता, सिन्योरिना. हो." एत्तोरे हसला, पण मघासारखं नाही. जरा कोरडंच.

तिने दोन घास खाल्ले. टोमॅटोत तुळशीचा वास होता, चीज दाणेदार होतं. तिसऱ्या घासाला काटा फिरवला तर मक्याच्या आखूड नळ्यांमध्ये एक लांब, पांढरट शेवई गुंडाळलेली निघाली. गव्हाची स्पगेटी. दुसऱ्या कुणाच्या तरी पातेल्यातून, त्याच पाण्यातून, त्याच चाळणीतून आलेली.

फिनोलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभर 'थँक यू, छान आहे' म्हणायला शिकलेली मुलगी खुर्ची मागे लोटून उभी राहिली.

"हे काय आहे?" काटा तिने एत्तोरेच्या नाकासमोर धरला. "वेगळं पाणी म्हणालात ना? वेगळी चाळणी? नातीची शपथ घेतल्यासारखं बोललात! उद्या लग्न आहे माझं! नातीला पण असंच वाढता का?"

आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना वळल्या. शेजारच्या टेबलावरच्या बाळाने तेवढा चमचा आपटला. एत्तोरेने प्लेटकडे पाहिलं, मग फिनोलाकडे, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"तुम्ही आजारी आहात? खरंच?"

"कार्ड वाचलंत ना तुम्ही!"

"वाचलं. चूलसुद्धा पेटवली होती." त्याने हात लांब करून नोरीनकडे दाखवलं. "मग सिन्योरा आत आल्या. म्हणाल्या, आजारबिजार काही नाही, लग्नाच्या ड्रेससाठी डाएट चाललंय. ते कार्ड म्हणजे फॅशन. म्हणाल्या, उगाच त्रास घेऊ नका, एकाच पाण्यात उकळा, तिला चालतं. मी दोनदा विचारलं. दोनदा हो म्हणाल्या."

फिनोला आईकडे वळली. नोरीन मांडीवरचा नॅपकिन घडी करत होती, पुन्हा उलगडत होती.

"मी आपलं... त्यांची किती धावपळ चालली होती. पास्ता मक्याचा होताच ना? नुसत्या पाण्याने काय होतंय, वाटलं."

"बारा वर्षं, मम्मी. बारा वर्षं मी तुला सांगतेय की पाण्याने होतं. लोण्यातल्या पावाच्या कणाने होतं. तुला माहीत होतं."

"माहीत होतं गं, पण इतकं..."

"इतकं काय? मला ओकताना तू पाहिलंयस. तेरा मिनिटं वाचवलीस तू. कुणाची? या माणसाची? तो देत होता तेरा मिनिटं! आनंदाने देत होता! तुझ्याकडे मागितली होती का कुणी?"

"हळू बोल ना, राणी."

"हिला काय सांगतेस हळू," डिम्फना आत्या कडाडली. "अगं, परक्या वाढप्याला वाईट वाटू नये म्हणून पोटच्या पोरीला विष चारलंस. कुठून आणलीस ही अक्कल?"

एत्तोरेने प्लेट उचलली. "सिन्योरा, मी चाळीस वर्षं लोकांना वाढतोय," तो नोरीनला म्हणाला. "गिऱ्हाईक आजार आहे म्हणून खोटं सांगतं, नसतो. ते मला माहीत. असलेला आजार नाही म्हणून सांगणारी आई मी आज पाहिली. माझी चूक एवढीच, की मी या मुलीला न विचारता तुम्हाला विचारलं."

फिनोलाने त्याची माफी मागितली. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला ती निघाली होती. पण माफी मागतानाच तिने घड्याळाकडे पाहिलं. पावणेदोन. चार वाजेपर्यंत सुरू होणार.

पावणेचारला सुरू झालं. त्याबद्दल काय सांगायचं? सकाळपर्यंत पोटात पाण्याचा घोट राहत नव्हता. कॉरमॅकने डॉक्टर आणला, डॉक्टरने सुई टोचली आणि विश्रांती घ्यायला सांगितलं, जणू फिनोलाने विश्रांती कधी नाकारली होती. आत्याने ड्रेस अंगावर चढवला, तो सैल झाला होता. साडेदहाला तिला टॅक्सीत घातलं, मांडीवर हॉटेलच्या बाथरूममधली छोटी बादली देऊन.

चर्चच्या दाराशी पाहुणे जमले होते. निळी हॅट घातलेली नोरीन कॉरमॅकच्या आईला काही सांगत होती. टॅक्सीचं दार उघडताच फिनोलाला तो आवाज ऐकू आला.

"काय सांगू तुम्हाला, इथल्या खाणावळी! एवढं कार्ड दाखवलं पोरीने, तरी त्या माणसाने निष्काळजीपणा केलाच. इटालियन लोकांचं असंच हो. गोड बोलतात आणि घात करतात."

"जागेचं नाव सांगा काकू," कॉरमॅकचा भाऊ फोन काढत म्हणाला. "आत्ता नेटवर लिहितो. दुकान बंद पाडतो साल्याचं."

आणि नोरीनने नाव सांगितलं. रस्त्याचं नावसुद्धा.

फिनोला टॅक्सीतून उतरली. बापाने हात पुढे केला, तो तिने धरला नाही. एका हातात बादली, दुसऱ्या हाताने ड्रेसचा घोळ उचलून ती थेट त्या घोळक्यात शिरली. चेहरा राखेसारखा होता, पण आवाज शेवटच्या पाहुण्यापर्यंत पोचला.

"फोन खिशात ठेव. त्या माणसाने काही केलेलं नाही. तो माझ्यासाठी वेगळी चूल पेटवून उभा होता. माझ्या आईने आत जाऊन ती विझवायला लावली. मी आजारी नाही, फॅशन करते, असं त्याला सांगितलं. दोनदा."

कॉरमॅकची आई आपल्या बुटांकडे बघत राहिली.

"फिनोला," नोरीन कुजबुजली, "अगं, सगळे ऐकतायत."

"ऐकावं म्हणूनच बोलतेय. माझा जीव गेला तरी चालेल, पण कुणाला वाईट वाटता कामा नये, असंच ना तुझं? मग त्याच्या खाणावळीचं नाव कसं गं लगेच आठवलं तुला?"

आत ऑर्गन सुरू झाला होता. पाद्री दाराशी येऊन मनगटावरचं घड्याळ दाखवत होता.

फिनोलाने बादली आईच्या हातात दिली.

"ही धर. पहिल्या बाकावर बस. मी मागे वळून पाहिलं की उठून यायचं, सगळ्यांच्या देखत, आणि माझ्या तोंडाखाली धरायची. धुवायलाही तूच जायचंस. कुणाला त्रास द्यायचा नाही."

मग ती बापाच्या दंडाला धरून आत गेली. मागून नोरीन आली, हॅट सावरायलाही हात मोकळा नसलेली, दोन्ही हातांत बादली घट्ट धरून.